सँडलचा पट्टा
नव्या चामड्याचा वास आला की नव्वदच्या दशकातला लखनौचा तो गारठलेला हॉल आठवतो. आम्हाला जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या मॅडमनी तरुणपणी पाठीची अशी कमान करून दाखवली होती की पुढे तिथल्या प्रत्येक मुलीला ती यावीच लागे. त्यांची स्वतःची पाठ आता वाकत नव्हती, म्हणून त्यांच्या सँडलचा पट्टा मी लावायचे. एके दिवशी त्यांच्या नव्या सँडलचा पट्टा लावून होताच त्यांनी मला पालथं झोपवलं आणि कमरेवर पाय देऊन दाबलं. कट्‌कन आवाज झाला. मला न्यायला आलेली आई कळवळली, "मॅडम, उसको दुखता है!" "दर्द हमें भी होता था, तभी तो नाम हुआ," त्या म्हणाल्या. आता माझीही पाठ वाकत नाही, माझ्या सँडलचा पट्टा माझी लेक लावते. परवा ‘किती छान वाकते ही,’ असं मनात आलं आणि मी पाय मागे ओढून घेतला.