उन्हात ठेवलेल्या तबकड्या

हे मी कुणालाच बोललेले नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवासमोर बसते तेव्हाही नाही — तिथेसुद्धा मी दुसऱ्याच चुका कबूल करते. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, लिहायला वेळ लागतो. पण तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा खोटं बोलेन, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून लिहिते.

इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारी वॉल्टर राहायचा. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच काळा, उंच, गुडघे गेलेला. शिकागोला जाणाऱ्या गाडीवर तिकिटं तपासण्यात जन्म गेला. बायको वारलेली, मुलगी डेनिस शेजारच्या इंडियाना राज्यात. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी कुठून येणार? तरी उन्हाळ्यात आम्ही त्याच्या गराजमध्ये घडीच्या खुर्च्या टाकून बसायचो. तो मला ‘मिस कमल’ म्हणायचा. या देशात मला नावाने हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकी सगळ्यांची मी आई, आजी नाहीतर काकू.

गराजमध्ये गाण्याच्या तबकड्या वाजवायचं जुनं यंत्र होतं. आणि एका खोक्यात अकरा तबकड्या — त्याच्या बापाच्या. बाप जॅझच्या बँडमध्ये होता. माणसापेक्षा उंच लाकडी बास असतो ना, उभ्याने तारा ओढून वाजवायचा, तो वाजवायचा. तरुणपणी लुइझियानातून शिकागोला आला. दिवसा कत्तलखान्यात काम, संध्याकाळी बास. हे वॉल्टर हातवारे करून सांगायचा आणि रविवारी माझा मुलगा संदीप उरलेलं मराठीत सांगायचा. रेकॉर्ड काढताना म्हणे बापाला पार दाराशी उभं करायचे. जवळ आला तर त्याच्या आवाजाने तबकडी कोरणारी सुई उडायची. बाकीचे पुढे, हा दाराशी. तबकडीवर नाव फक्त बँडच्या मालकाचं. दाराशी उभं राहणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सुरुवातीला मला बास ऐकूच यायचा नाही. नुसता पिपाण्यांचा गोंगाट. वॉल्टर बोट वर करायचा — आता, आता! — आणि मी उगाच मान हलवायची. मग एक दिवस आला ऐकू. खालून, उखळात मुसळ पडावं तसा. धम्, धम्. त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना.

अकरातली एक तबकडी दुकानात कधी गेलीच नव्हती, कंपनीने नमुन्याला काढलेली. तिच्यात सगळे थांबतात आणि बाप एकटा वाजवतो. थोडंच. आणि शेवटी हसतो. हसलेलं चक्क ऐकू येतं. जगात ही एवढी एकच, असं वॉल्टर सांगायचा. तबकड्यांच्या कागदी पाकिटांवर त्याच्या आईने पेन्सिलीने वाजवणाऱ्यांची नावं लिहून ठेवली होती. ऑगस्टमध्ये कॉलेजातला कुणी माणूस येऊन ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेणार होता.

आता ते सांगते. नाही — आधी तव्याचं. त्याच वर्षी मी सुनेचा नवा तवा तारेच्या घासणीने घासला. त्याचा काळा लेप निघाला. ती ओरडली नाही. “आई, प्लीज, आधी विचारत जा ना,” एवढंच म्हणाली. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. हे कारण म्हणून सांगत नाही. मनात काय होतं ते सांगते.

जूनमध्ये मोठा पाऊस झाला, वॉल्टरच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. तो खोका घेऊन आला. “मिस कमल, वन वीक.” मी माझ्या खोलीत ठेवला. दोन दिवसांत खोलीभर बुरशीचा वास. अशा वस्तूला आपण काय करतो? ऊन दाखवतो. गाद्यांना दाखवतो, डाळींना दाखवतो, लग्नातल्या शालूला दाखवतो. घरचे सगळे कामावर गेले होते. घरामागच्या लाकडी डेकवर माझ्या साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या. शेजारी जुनं लुगडं अंथरलं आणि अकराच्या अकरा तबकड्या पाकिटांतून काढून मांडल्या. मनात म्हटलं, खूश होईल म्हातारा. आत आले, दुधीची भाजी केली, जेवले, जरा आडवी झाले.

उठून बघते तर कडा वर आलेल्या. तळलेल्या पापडासारख्या. घाईघाईने आत आणल्या तर तशाच वाकड्या कडक झाल्या. सरळ व्हाव्यात म्हणून एकीवर तांदळाची मोठी पिशवी ठेवली — कट्ट. तरी दुसरीवर ठेवली. तरी तिसरीवर. अशा चार मोडल्या. बापाच्या हसण्याची कुठली, मोडलेल्यांतली की वाकलेल्यांतली? मला कळेना. मला इंग्रजी वाचता येत नाही.

तेव्हाच त्याच्या दारात गेले असते तर? वीस पावलांवर दार. मी गेले नाही. मोडक्या, वाकड्या, पाकिटं, खोका — सगळं काळ्या पिशव्यांत भरलं आणि गुरुवारी कचऱ्याच्या गाडीला दिलं. वाकलेली तबकडी जाणकार माणूस सरळ करून देतो, हे पुढे कधीतरी कानावर आलं. सात तशा होत्या.

आठवड्याने वॉल्टर खोका न्यायला आला. मी म्हटलं, “नो बॉक्स.” त्याला वाटलं मला समजलं नाही. त्याने हाताने खोका काढून दाखवला, बोट गोल फिरवून तबकडी दाखवली. मला सगळं समजत होतं. “नो बॉक्स. यू नो गिव्ह.”

शनिवारी तो डेनिसला घेऊन आला. संदीपने विचारलं, “आई, ते म्हणतायत त्यांनी तुझ्याकडे कार्टन दिला. आठवतंय का गं?”

“मला कशाला देईल तो? अरे, विसरायला लागलाय. परवा कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी बाहेर काढला. मागे किल्ली खिशात असून दाराबाहेर उभा होता. सांग तिला.”

“आई, असं तोंडावर कसं सांगू?”

“सांग म्हणते ना.”

त्याने सांगितलं. डब्याचं खरं होतं, किल्लीचंही खरं होतं. ते खरं मी कशासाठी वापरलं? डेनिस तिथेच पायरीवर बसली. मला वाटलं, आता वॉल्टर माझ्यावर ओरडणार. तो हळूच काहीतरी म्हणाला. संदीपने मी न विचारताच मराठीत सांगितलं, “मिस कमल म्हणते तर मीच विसरलो असेन. ती कशाला खोटं बोलेल?”

त्या दिवसापासून त्याने घरभर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. गॅसवर, दारावर, आरशावर. गराजमध्ये बसायचा, यंत्र बंद. एकदा मला हातवारे करून विचारलं — तुला ऐकवली होती ना गं, हसण्याची? ऐकली होतीस ना? कळत नसल्यासारखी मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. ‘यस’ म्हणता येत नव्हतं का मला? तेवढं तर येतं. ऑगस्टमध्ये कॉलेजचा माणूस आला, त्याला वॉल्टरने दारातून परत पाठवलं. माझ्याकडे तसलं काही नाही, बहुधा कधी नव्हतंच, म्हणाला. हे डेनिसने संदीपला सांगितलं आणि वर म्हणाली, आता बाबांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत ती त्याला इंडियानातल्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेली. गाडीत बसताना त्याने माझ्याकडे बघून हात केला. “मिस कमल!” माझं नाव तो विसरला नव्हता. दोन वर्षांनी गेला.

त्या उन्हाळ्याला आठ वर्षं होऊन गेली. गेल्या महिन्यात नात सई कॉलेजातून घरी आली होती. शिकागोच्या जुन्या संगीतावर तिला काही लिहायचं होतं. कॉम्प्युटरवर त्याच बँडची यादी सापडली तिला. कुठली रेकॉर्ड, कोण काय वाजवतं, सगळ्यांची नावं. बासच्या पुढे ‘अननोन’. माहीत नाही. आजी, शेजारच्या वॉल्टर आजोबांचे डॅड ना हे, म्हणाली. “व्हॉट वॉज हिज नेम, आजी? आठवतंय का? मी त्या लोकांना ईमेल करते.” डेनिसचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच राहिलेला नाही.

वॉल्टरने ते नाव मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. प्रत्येक तबकडीच्या आधी, पाकिटावर बोट ठेवून, हळूहळू, मला कळावं म्हणून. मी मान हलवायची.

सईला मी सांगितलं, आठवत नाही. तेवढं मात्र खरं होतं.