आईचं नाव आणि पिवळा रंग
आमच्या रिसाली वस्तीत निळ्या पताका लागायला लागल्या की मला विहारातली ती सभा आठवते. कॉलेजात होते तेव्हा एप्रिलच्या जयंतीच्या कामांचा तक्ता मी कॉम्प्युटरवर केला होता. एका नावावर क्लिक केलं, की ते नाव जिथं जिथं असेल ती प्रत्येक चौकट आपोआप पिवळी व्हायची. सभेत सगळ्यांना दिसावं म्हणून कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता. पुरुषांच्या नावांवर क्लिक केलं, तर मिरवणूक, मंच, भाषणं, सगळीकडे पिवळं झालं. मग मी आईच्या नावावर क्लिक केलं. पिवळं झालं ते फक्त स्वयंपाकाच्या रकान्यात. बाकीच्या बायकांचंही तेच. "हा रंग कावून लावला? काढून टाक," अध्यक्षकाका म्हणाले. "मी नाही लावला, काका. नाव जिथं हाय तिथं थो आपोआप लागते. नाव हलवा, रंगबी हलते." काका माझ्यावर उखडले, तशी मागे सतरंजीवर बसलेली आई उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती. "माझं नाव भाषणात टाक," ती मला म्हणाली, "सैपाक यंदा माणसं करतीन." "आमाले कुठं येते, वहिनी?" काकांनी विचारलं. "मले भाषण तरी कुठं येते? दोघंबी शिकू." जयंतीला आई मंचावर बोलली. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. पुरुषांनी केलेला भात खाली लागला होता, तरी तिनं तो मागून मागून खाल्ला. आता ऑफिसात मीटिंग सुरू असताना कोणी मला चहाचं बघायला सांगितलं, तर मी खुर्चीवरून उठत नाही.