मायाक्कानं पोसलेलं लिव्हर

आमच्या नणंदबाई मायाक्का म्हंजे पायाला भिंगरी. सगळा जन्म मेंढरामागं गेला. जेवतानासुदिक उकिडव्याच बसायच्या, मेंढरू उधळलं तर पळायला बरं म्हणून. असली बाई सोलापुरात भवानी पेठंतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मांडी घालून तूप चापाय लागली, तवा मी हबकलेच.

झालं हुतं असं. आमचे मालक, नाव घ्यायचं तर धुळा, त्यांचं लिव्हर वाया गेलेलं. दारूचा थेंब न्हाय, पर जुनी कावीळ आतल्या आत खात हुती. पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं. जित्या माणसानं लिव्हरचा तुकडा दिला तरच जगणार. माझा रक्तगट जुळंना. त्यांच्या थोरल्या भणीचा, अक्कांचा जुळला. डॉक्टर त्यांना म्हणाले, "डावा भाग लहान आहे, तुमच्या भावाला पुरणार नाही. उजवा मोठा आहे, पण तो काढला तर तुमच्याकडं थोडंच उरेल. पुढच्या तपासणीत नीट मोजून ठरवू."

अक्कांनी त्यातला 'लहान' हा शब्द तेवढा धरला. आमच्यात भावा-भणीत जनावर द्यायचं झालं तर बरगड्या दिसणारं देत न्हाईत. आधी पोसतात, मग देतात. झालं! मेंढरं आपल्या पोराच्या गळ्यात घालून बाई हितं आल्या आन सवताला पोसाय लागल्या. दूध, तूप, गूळ, वर नुसतं बसून राहायचं. "तुकडा कसा भरला पायजे की, बने."

तपासणीला डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. लिव्हर भरलं हुतं खरं, पर चरबीनं. "हे लावलं तर भावाला झेपणार नाही, आणि तुमचं उरलेलंही दगा देईल. चरबी उतरवा. लवकर."

मला असला राग आला! "अक्का, तुमी काय बोकड हाय का वो?" भर दवाखान्यात वरडले मी. त्या पिशवी उचलून उठल्या. तशाच सांगोल्याची एसटी धरून मेंढरामागं गेल्या.

मग माझ्या जिवाला लई घोर. खोलीत बसवंना, दवाखान्यात उभं राहवंना. हितं मालकांचे डोळे हळदीवानी पिवळे, मधीच मला आई म्हणून हाक मारायचे. तितं अक्का माळावर चालत्यात का बसल्यात, काय ठावं? घटकाघटकाला फोन लावायचे. "चालताय न्हवं?" "चालतीया गं बाई!" मागनं मेंढरांचा आवाज आला की जीव थाऱ्यावर यायचा. फोन ठेवला की परत उडायचा.

अक्का परत आल्या त्या वाळून काटकी. चरबी उतरलेली. डॉक्टरांनी मोजमाप करून उजवा भाग घ्यायचा ठरवलं. अक्कांकडं जेमतेम पुरंल इतकंच उरणार हुतं. धोका हाय, विचार करा, म्हणाले. अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणले न्हाय. मला माझा नवरा पायजे हुता.

आपरेशन पुण्याला झालं. मालक हां हां म्हणता उठून बसले. अक्कांना मातर कावीळ चढली ती उतरता उतरंना. मी ह्या खाटंपसनं त्या खाटंपतूर येरझाऱ्या घालत हुते. उतरली बाई एकदाची, पर त्यांनी माझा जीव काढला.

परवा सोलापूरला खोलीवर आलो. अक्कांपुढं भाकरी ठेवली, वर तूप सोडलं. थोडं तूप चालंल म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. त्यांनी ताट सारलं.

"तूप नको, बने. उरलेलं परत वाढतंय म्हणत्यात. धुळाचं हे न्हाय टिकलं तर परत द्याय लागंल. चरबी चढाय नको."

"अवो अक्का, एकदाच देता येतंय! परत न्हाय घेत कुणी!"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "मग त्याला परत लागलं तर गं?"

मी घास मोडून त्यांच्या तोंडाशी नेला. "खावा आता," म्हणले, आन मलाच रडू आवरंना.