घरचे पुढे या

मंगळवारी संध्याकाळी आम्ही दोघं चेच भाजी निवडत बसलो होतो. त्याच्या समता कॉलनीतल्या घराच्या व्हरांड्यात, मधे पेपर पसरून. चेच भाजी इकडची, छत्तीसगडची. आपल्या गावाकडं कोणी खात नाही. शिजली की भेंडीसारखी बुळबुळीत होते. मी पानं खुडून देठं फेकत होतो, तो देठासकट टोपल्यात टाकत होता.

मी म्हटलं, "लेखक, देठं काढ. दातात अटकतेत."

तो म्हणे, "फोरमन, माझे दात तोंडात नाहीत, वाटीत आहेत. तू तुझं पाह्य."

मग निघताना म्हणाला, "उद्या येताना दही आणजो. जाडं." मी हव म्हटलं अन् सायकल काढली. शेवटचं असलं म्हणजे माणूस काही मोठं बोलून जाते असं लोक सांगतेत. आम्ही दह्यावर थांबलो.

इथल्या मराठी मंडळाचे लोक म्हणाले, काका, तुम्ही रायपुरात कसे आले ते अंकासाठी लिहा, गावाकडचेही वाचतेत अन् इकडं आलेलेही. तेच लिहून राहिलो. मधे हा माणूस येते, त्याले माझा इलाज नाही. मी त्याले लेखक म्हणो, तो मले फोरमन. मी फोरमन कधीच नव्हतो, रेल्वेत वेल्डर होतो. तो मात्र खराच लेखक होता. मराठीत लिहे. दोन बाप्या माणसांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहे. हे मी सरळ लिहून टाकलं आहे. छापताना कोणी शब्द बदलू नये.

गाव आमचं भंडाऱ्याकडं, धानाचं. पाचवी शिकलो अन् शाळा सुटली. जवान झालो तेव्हा गावात माझ्याबद्दल अन् कुंभाराच्या पोराबद्दल बोलणं सुरू झालं. बोलणं खोटं नव्हतं. बापानं एका सकाळी माझी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली अन् सडकेपर्यंत पुढं पुढं चालला. मी मागून. पेटी मले घेऊ दिली नाही. बस आली तशी टपावर चढवली अन् म्हणाला, "तिकडं काम कर. इकडं परत याची घाई करू नको." आई घरूनच म्हणाली होती, "पोचला की आधी जेवजो." दोघांनी मिळून एवढंच सांगितलं. गोंदियाहून पॅसेंजर धरली. रायपूरच्या स्टेशनाबाहेर पुरी-भाजी खाल्ली, मग काम शोधाले गेलो.

घाई करू नको म्हटलं होतं, मी केली नाही. बाप गेल्याची तार आली तेव्हाच गेलो. तिथं भटजी म्हणाला, "घरचे पुढे या, पाणी पाजा." लोकांनी मले वाट दिली. ज्यानं सडकेवर नेऊन सोडलं त्याच्या तोंडात मी पाणी घातलं. मी घरचा होतो, कोणी विचारलं नाही. कुंभाराचा पोर तोपर्यंत कुठं नागपुराकडं गेला होता, पोरंबाळं झाली होती. भेट झाली नाही.

रायपुरात बूढ़ापाऱ्यात खोली घेतली. नोकरी पक्की झाली तसं लग्न झालं. शांता चांगली बाई होती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोला लागते म्हणून म्हणत नाही, माझी चूक काढल्याशिवाय तिचा दिवस जात नसे हेही लिहितो. पोरगा झाला, प्रकाश. बाहेरून पाहिलं तर सगळं बरोबर होतं. आतून मले वाटे की माझ्यासारख्याचा शेवट एकच असते. सिनेमात तसा माणूस असला तर लोक हसत अन् गावच्या गोष्टीत असला तर तो विहिरीत सापडे. तिसरं काही मी ऐकलं नव्हतं. आमच्या रेल्वेच्या कारखान्यामागं मालगाडीचे रूळ होते. तिकडं मी एकदोनदा जाऊन उभा राहून आलो होतो. शांतानं विचारलं, उशीर काहून झाला. मी म्हटलं, ओव्हरटाइम.

वाचणारी ती होती. मराठी वाचनालयाचं कार्ड तिचं. मी फक्त पुस्तकं बदलून आणो, पिशवी घेऊन बाजारात जावं तसा. एकदा तिनं एक पुस्तक वाचून संपवलं अन् परत द्याच्या पिशवीत टाकलं नाही. माझ्या उशीपाशी ठेवलं.

"हे तुम्ही वाचा."

"मले कुठं जमते इतकं मोठं."

"बोट ठेवून वाचा. यात कोणी मरत नाही."

एवढं बोलून कणीक मळाले गेली. त्यानंतर आमच्यात त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही. ते तिनं कसं ओळखलं, कधी ओळखलं, मले माहीत नाही. विचाराची हिंमत झाली नाही अन् आता ती नाही.

वाचाले मले लय दिवस लागले. तिनं त्या पुस्तकाची मुदत आपल्या कार्डावर पुन्हा पुन्हा वाढवून घेतली. गोष्ट साधी होती. एक कंपाउंडर अन् एक वायरमन. पिठाच्या गिरणीवर एका खोलीत राहतेत. रेडिओवरून भांडतेत, मीठ जास्त झालं म्हणून अबोला धरतेत. खालून पिठाची भुकटी वर येते, दोघांचे केस पांढरे करते, अन् मग खरेच पांढरे होतेत. शेवटी वायरमनच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होते अन् कंपाउंडर त्याच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकते. गोष्ट तिथंच संपते. मी पान उलटून पाहिलं, पुढं कोरं होतं. म्हातारे झाले, दोघंही. एवढंच. असं होऊ शकते हे मले कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी रुळाकडं गेलो नाही. शांताबरोबर जितकं नीट राहता येते तितकं राहिलो. तिले फसवल्यासारखं जे वाटत होतं ते कमी झालं, कारण तिले माहीत होतं.

ती गेली त्या दिवशी आमची शेगडी पेटली नाही. शेजारच्या जोशीकाकूनं पिठलं-भाकर आणली. आपल्याकडं याले कडू घास म्हणतेत. ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरी शिजवत नाहीत, दुसऱ्याच्या घरून येते, अन् घरच्या माणसानं तो घास खावाच लागते. मी खाल्ला. दहाव्याले तलावाजवळच्या न्हाव्याकडं मिशी उतरवली. हे सगळं रीतीनं झालं.

रिटायर झाल्यावर वेळ काढणं कठीण. त्या पुस्तकाच्या मागं लेखकाचा पत्ता होता, समता कॉलनी, रायपूर. मले आधी पटलंच नाही, असा माणूस आपल्याच गावात राहते. सायकलवर त्या घरासमोरून जात राहिलो, आत जायचं कारण सापडेना. मग एक दिवस पाहिलं, फाटकाची बिजागरी तुटून फाटक जमिनीले लागलं होतं. तो आतून ओढून राहिला होता. मी म्हटलं, "जोडून देऊ?"

जोडून दिलं. चहा पिताना त्यानं विचारलं, वाचता का काही. मी म्हटलं, पाचवी शिकलो, तुमचं एक वाचलं. कोणतं? "ज्यात थेंब टाकते ते." तो उठून आत गेला अन् लय वेळानं बाहेर आला. हातात बिस्किटाचा डबा होता. डबा आणाले इतका वेळ लागत नाही.

तोही आपल्याकडचाच, अमरावतीचा. सरकारी नोकरीत बदली होऊन आला अन् परत गेला नाही. त्याचा कोणी होता का, मी विचारलं. म्हणे, होता, लग्न करून गेला. ते पुस्तक छापताना त्याले लोकांनी सांगितलं होतं, शेवटी एकाले मारा, मग वाचणारे रडतील. तो म्हणाला, "मी म्हटलं, रडाले त्यांच्यापाशी दुसरं लय आहे."

तुम्ही विचाराल, तुमचं दोघांचं काय होतं. भाजी होती, चहा होता, भांडण होतं. बाकीचं वय निघून गेलं होतं. त्याच्या मोतीबिंदूच्या वेळी मी रोज थेंब टाकाले गेलो. पहिल्या दिवशी तो डोळे घट्ट मिटून घे अन् हसे. मी म्हटलं, हसू नको, औषध वाया जाते. तो म्हणे, "फोरमन, हे मी लिहून ठेवलं होतं, अन् मले वाटलं खोटं लिहिलं."

बुधवारी सकाळी दही घेऊन गेलो. फाटकापाशी त्याच्याकडं काम करणारी बाई उभी होती. म्हणाली, "कका, बाबू ह नइ उठिस." बाबू उठलेच नाहीत. आत शेजारी जमले होते. मी दह्याचा डबा तिच्या हाती दिला. ती हव म्हणाली अन् तो फ्रिजमधे ठेवून आली. फ्रिजमधे चेच भाजी तशीच होती, ती म्हणाली.

पुतण्या नागपूरहून गाडीनं आला. माणूस वाईट नाही, सभ्य आहे. चार वाजता मुक्तिधामात नेलं. प्रकाश दुकान सोडून माझ्यासाठी आला होता. भटजी म्हणाला, "घरचे पुढे या, पाणी पाजा." मी पुढं झालो. पाय आपोआप गेले. पुतण्यानं माझ्या दंडाले हात लावला अन् हळूच म्हणाला, "काका, आधी घरचे होऊ द्या." मी बाजूले झालो. घरचे झाले, पुतण्या अन् त्याचा साळा. मग कोणीतरी घाई केली, अंधार पडते म्हणून, अन् अग्नी दिला. बाकीच्यांची पाळी आलीच नाही. लाकूड टाकाले मात्र सगळ्यांले बोलावलं, तेव्हा मीही टाकलं. परत येताना प्रकाश म्हणाला, "बाबा, ऐसा होता है. आप दोस्त थे, उनको क्या मालूम."

घरी आंघोळ करून खाटेवर बसलो. स्वयंपाकघरात आवाज नव्हता. नात आत जाऊन सुनेले विचारू लागली, "मम्मी, खाना?"

सुनीता म्हणाली, "आज अपने यहाँ नहीं बनेगा. अपने घर में मिट्टी हुई है."

मिट्टी झाली असं इकडं घरचं माणूस गेल्यावर म्हणतेत. मी मान वर केली. ती बाहेर गेली अन् जोशीकाकूच्या घरून झाकलेलं ताट घेऊन आली. पिठलं अन् भाकर. माझ्यापुढं ठेवलं.

"बाबा, कडू घास आहे. खावा लागते."

मी विचारलं, "काकूले काय सांगितलं?"

"सांगितलं, बाबांचं माणूस गेलं."

"अन् ती?"

"ती म्हणाली, पीठ मी मळते, तू बेसन घोट."

प्रकाश दारात उभा होता. आता काही म्हणेल असं मले वाटलं. तो आला, बाजूले बसला अन् माझ्या ताटातला एक घास त्यानं तोंडात टाकला. पिठल्यात मीठ जास्त होतं. दोघांनी मिळून ताट संपवलं.

गावातले फोनवर विचारतेत, काका, कधी येता घरी. तिथं वाटण्या झाल्या, माझ्या नावाची भिंत पडली, ज्या सडकेवर बापानं पेटी चढवली ती चारपदरी झाली. येऊन पाहून जाईन. पण घरी येतो असं आता म्हणत नाही. माझ्या माणसासाठी ज्या घरात शेगडी बंद राहिली ते माझं घर, अन् ते बूढ़ापाऱ्यात आहे. जे माझ्यासारखे निघाले, ज्यांले सडकेपर्यंत पोचवून दिलं, त्यांच्यासाठी सांगतो. एखादवेळी लय उशिरा सापडते, पण सापडते. अन् ज्यानं आपल्याले हे आधी लिहून दाखवलं, तो बाहेरचा कसा राहील.

गुरुवारी सकाळी मी तलावाजवळच्या न्हाव्याकडं गेलो. त्या न्हाव्याच्या जागी आता त्याचा पोरगा बसते. मी खुर्चीत बसून मिशीकडं बोट दाखवलं.

तो म्हणाला, "पूरी? किसका हुआ चाचा?"

"घर का आदमी था."

"कब?"

"कल."

"तो दसवें में उतारते हैं न. अभी से काहे?"

मी म्हटलं, "दसवें में जिनको बुलाएँगे, वो उतारेंगे. तू मेरी उतार."

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, अन् साबण लावला.