मोराचं खोकं

पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं की आपण चुकूच शकत नाही, असं माणसाला वाटायला लागतं. मला तर ते पहिल्या वर्षापासूनच वाटत होतं. अकोल्यात जठारपेठेजवळ आमची शाळा. शाळेचं प्रदर्शन म्हणजे माझं प्रदर्शन, हे सगळे धरून चालायचे आणि मीही चालायची.

कोरोनानं शाळा बंद होत्या त्या वर्षी मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की प्रदर्शन होणार, पण ऑनलाइन. विज्ञान, कला आणि समाजसेवा, तिन्ही एकाच दिवशी, मोबाइलवर. शिक्षकांच्या ग्रुपवर लगेच रडारड सुरू झाली. नेटवर्क नाही, पोरं सापडत नाहीत, कसं होणार? मी लिहिलं, "माझ्या वर्गाचं मी पाहते." रडत बसायची मला सवय नाही.

पहिलं बक्षीस टॅब होता, कोण्या माजी विद्यार्थ्यानं दिलेला. तो कोणाला मिळाला पाहिजे हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. नववीत माझी एक विद्यार्थिनी होती. अकोल्यात मामाकडे राहून शिकायची; शाळा बंद झाली तशी हिवरखेडला आपल्या घरी परतली. घरची थोडी भाजीची शेती, आई बाजारात बसून भाजी विकायची. घरात फोन एकच, तो दिवसभर बापाच्या खिशात. त्यामुळे माझे तास ही पोरगी संध्याकाळी रेकॉर्डिंगवर ऐकायची, तेही रोज नाही. पुढं दहावी. टॅब मिळाला तर तिची शाळा तिच्या हातात येणार होती, नाही तर दहावीही बापाच्या खिशातच जाणार होती.

तिनं केलं होतं ते काम मात्र अस्सल होतं. विटांच्या दुहेरी भिंतींचं चौकोनी खोकं, दोन भिंतींच्या मधल्या फटीत ओली रेती, वर ओलं पोतं, आत भाजी. दिवसातून दोनदा पाणी मारायचं, बस. वीट पाणी पिते, बाहेरच्या हवेनं ते उडत राहतं आणि आतलं थंड पडतं. माठाचंच गणित. आमच्याकडं मार्चातच डोकं तापतं. तिच्या अंगणात पारा सदतीसवर आणि खोक्यात सव्वीस! आईची मेथी दुसऱ्या दिवशीही टवटवीत. ते पाहून शेजारच्या दोघीतिघी बायाही उरलेली भाजी तिच्याकडे ठेवायला लागल्या.

म्हणजे विज्ञान झालं, समाजसेवा झाली. राहिली कला. इथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमच्याकडं सजवल्याशिवाय कोणतीच वस्तू प्रदर्शनात जात नाही. ज्वालामुखी असो की पवनचक्की, कडेनं चमकीचा कागद पाहिजेच.

"अवं, त्या विटांवर मस्त चित्रं काढ," मी फोनवर म्हटलं. "वेली काढ, मोर काढ. ऑइल पेंटनं काढ, म्हणजे पाण्यानं जाणार नाही. एकच वस्तू तिन्ही विभागांत!"

ती म्हणाली, "पण मॅडम, रंगानं विटा बंद होतीन ना? पाणी कसं उडन मंग?"

"लय शहाणी झाली काय? विज्ञान मी शिकवते का तू?"

"तुमी," ती म्हणाली, आणि तिनं रंग आणला.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक म्हणून शेतीशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. हिची पाळी आली. बाप शेतात न जाता फोन धरून उभा. खोकं काय सुंदर दिसत होतं! चारी बाजूंनी हिरव्या वेली, पुढं दोन मोर. मला तर टॅब दिसायलाच लागला.

"थर्मामीटर आत ठेव बेटा," प्राध्यापक म्हणाले, "आणि आकडा वाचून दाखव."

तिनं ठेवला, थांबली, काढला. "चौतीस."

"आणि बाहेर?"

"सदतीस."

"तीनच डिग्री? इथं तुझ्या माहितीत तर आत सव्वीस असतं म्हणून लिहिलं आहे."

"ते रंग नव्हता तवाचं, सर. ऑइल पेंटनं विटा बंद झाल्या."

"हे लावायच्या आधी माहीत नव्हतं काय?"

"माहीत होतं."

"मंग काहून लावला बाप्पा?"

ती गप्प. मोबाइलकडं सरळ पाहत उभी राहिली. स्क्रीनवर सगळी शाळा, पालक, मुख्याध्यापक. ती माझं नाव घेत नव्हती, आणि मी तोंड उघडलं नाही तर माहीत असून चुकलेली पोरगी म्हणून तिचा टॅब गेलाच समजा. तोंड उघडलं तर माझी पंचवीस वर्षांची ऐट जाणार. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? एक क्षण असंही वाटलं, की नेटवर्क गेलं तर बरं होईल. मग माझाच मला राग आला आणि मी माइक सुरू केला.

"सर, रंग मी लावायला सांगितला. तिनं मला आधीच सावध केलं होतं. मी ऐकलं तर नाहीच, उलट तिलाच झापलं. चूक माझी आहे, तिचे गुण कापू नका."

प्राध्यापक हसले. "गुण कशाचे कापू? बिनरंगाचं किती आणि रंगाचं किती, दोन्ही आकडे हिच्याजवळ आहेत. आकडा लपवला पण नाही पोरीनं. आज दुसऱ्या कोणी एवढं केलं काय?"

टॅब तिलाच मिळाला. ते मोर खरवडून काढायला बापलेकीला चार दिवस लागले, हे मला मागाहून कळलं.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आभार मानेल म्हणून मी ऐसपैस बसले.

"मॅडम, तुमी बोलल्या नसत्या तरी मी सांगणारच होती."

"मंग एवढा वेळ गप्प काहून उभी होती वं?"

"तुमी बोलता का नाही, ते पाहून राहिली होती."