वाडग्याच्या दाराशी रंगूबाई

माझी सासू रंगूबाई मारकी. उगाच गोड बोलायचं कशाला? लग्न होऊन मी कऱ्हाटीला आले त्याच महिन्यात तिनं मला उलथनं फेकून मारलं, का तर भाकरी करपली. मी बी तिच्या मनगटाला कडाडून चावले. अजून खूण हाय तितं, कुणालाबी दाखवते ती. तवापास्नं आमचं दोघींचं जमलं.

तिची काठी सगळ्या माळाला ठाऊक. तरणी असताना माझ्या सासऱ्यासंगं मेंढरं घेऊन कोकणात निघालेली, वाटंवर कळपात लांडगा घुसला. घंटीवाली म्होरकी मेंढी काजळी, तिचंच नरडं त्यानं धरलं. रंगूबाईनं काठीनं त्याचं कंबरडं मोडलं, पण काजळी तितंच रगात वकून मेली. पुढं एकदा चोर आला तर त्याचं दात पाडलं आन् सकाळी पदरात बांधून पोलीसपाटलाला नेऊन दिलं. अशी बाई.

आमच्या घराची एक रीत हाय. मेंढरं कोंडायचं काटेरी वाडगं घरामागं. अंधारून आलं की वाडग्याकडं येणाऱ्यानं लांबनंच हाळी द्यायची. न्हाय दिली तर राखणीचं माणूस इचारतं, "कुणाचं?" मग कळपाच्या घंटीवाल्या मेंढीचं नाव सांगायचं. चोराला घंटी दिसंल, नाव कुठनं येणार? नाव चुकलं की काठी. चौकशी मागनं.

आन् दुसरी सवय तिची एकटीची. सांजच्याला वाडग्याच्या दाराशी बसायचं. एकेक मेंढी आत जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आन् म्हणायचं, "तांबडी. भुरीची लेक, लांबकानीची नात." सगळा कळप, पार आजीपतुर. मी हसले की म्हणायची, "सिंधे, डोकं बी पायासारखंच हाय बग. बसवलं की आखडतंय."

औंदा शिमग्याच्या आधी ते आखडायला लागलं. मधीच एखादी मेंढी बिननावाची आत जायची. पोटच्या लेकाला, आमच्या मालकाला, ती आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारायची. मी कुणापाशी बोलले न्हाय. मला भ्या वाटत हुतं.

एका सांजेला आमचं मालक, बिरदेव, ट्रॅक्टर लावून रानाच्या अंगानं आलं. धुरळ्यापायी तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, कानाला मोबाइल. हाळी द्यायचं इसरलं.

"कुणाचं?" रंगूबाई गरजली.

"कवडी," मालक म्हणालं. बरोबरच म्हणालं. आता घंटी कवडीच्याच गळ्यात हाय.

काठी बसली. हाताचं हाड मोडलेलं मला चुलीपाशी ऐकू आलं. मी धावले तोवर दुसरी डोक्यात. "भाड्या, काजळी हाय माझी, काजळी! कुणाची कवडी सांगतुस?" तिसरी उचलली तवा मी मधी पडले, ती माझ्या पाठीत बसली. मालक "आये! आये गं!" करून वरडलं तवा कुठं तिचा हात थांबला. तिनं ते रगतानं भिजलेलं उपरणं सोडलं, तोंड बघितलं आन् मटकन खाली बसली. रात्री जेवली न्हाय. दुसऱ्या दिवशी बी न्हाय.

बारामतीच्या दवाखान्यातनं मालक हाताला प्लास्टर आन् डोक्याला टाके घेऊन आलं ते बोलतच आलं. "मेंढरं इकायची. काठी चुलीत घालायची. आज मी हुतो, उद्या निकिता आली कॉलेजातनं उशिरा, मग? लेकीचं डोकं फुटल्यावर शाणी हुणार हायस का?"

खोटं कसं म्हणू? पण मेंढरं गेल्यावर सांजच्याला म्हातारी कुणाच्या डोक्यावर हात ठेवणार? नावं गेली की आमची रंगूबाई गेली, मागं उरंल ते नुसतं भाकरी खाणारं अंग. निकितानं आजीला मोबाइलवर कोडी काढून दिली, तर आजीनं मोबाइल मेंढरांच्या पाण्यात टाकला. मग मीच पदर खोचला.

रोज सांजच्याला मी वाडग्याच्या दाराशी तिच्यासमोर बसायला लागले. नाव चुकलं की मेंढी बाहेर वढायची, परत आत सोडायची. शेवटाला इचारायची, "आत्याबाई, घंटीवाली कोण?"

"काजळी."

"मेली ती!"

"तूच मर, रांडं!" आन् काठी उगारायची. एकदा बसली बी, माझं कोपर अजून सुजलेलं हाय. मी हलायची न्हाय. "कशी मेली ते सांगा." मग तिला लांडगा आठवायचा. नरडं, रगात, सगळं. ढसाढसा रडायची, जणू आत्ताच झालंय. आन् डोळं पुसून म्हणायची, "कवडी. आता कवडी हाय."

रोज मी तिची काजळी नव्यानं मारत हुते. मला काय काळीज न्हाय? पण थांबले असते तर कवडी बी हातची गेली असती.

मालकाला ह्यातलं काय पटलं न्हाय. मला न सांगता त्यांनी इंदापूरचा यापारी बोलवला. एका पहाटं अंधारातच टेम्पो दारात. यापारी हाळी न देता सरळ वाडग्यात शिरला आन् कवडीचा पाय धरला.

"कुणाचं?"

"तुझ्या लेकाचं, म्हातारे," तो हसला.

पहिला टोला त्याच्या हातावर, दुसरा नडगीवर. तो बोंबलत टेम्पोकडं पळाला तर ही मागं. टेम्पोची काच फुटली. मेंढरं काटं मोडून सैरावैरा. मालक मोडका हात छातीशी धरून आडवं आलं, "आये, बास! आये!" पण ती पेटलेली. काठी डोक्याच्या वर, दम लागलेला, आन् नजर अशी की समोर कोण हाय ते तिला कळंना.

"कुणाचं?"

मालकाचं तोंड पांढरंफटक पडलं. मागल्या टायमाला खरं बोलून हाड मोडलं हुतं. ते म्हणालं, "काजळी! काजळी, आये!"

काठी वरच थांबली. रंगूबाईनं डोळं बारीक केलं.

"काजळी मेली की रं बिऱ्या. लांडग्यानं मारली, तुझा बाप बघत हुता. आता कवडी हाय. एवढी बी याद न्हाय व्हय तुला?"

आन् त्यांच्या चांगल्या खांद्यावर एक सणसणीत ठेवून दिली. नाव चुकलं की काठी, रीत म्हंजी रीत!

मालक मातीत बसलं. कळवळत हुतं, रडत हुतं आन् हसत बी हुतं. "वळखलं गं मला," म्हणत हुतं. यापाऱ्याचा टेम्पो मोकळाच गेला. त्या दिवसापास्नं सांजच्याला मालक बी आमच्यासंगं दाराशी बसत्यात, आन् चुकलं की म्हातारी त्यांचा कान पिरगळती.

मी खोटी आशा लावत न्हाय. काल दिवेलागणीला पानी घेऊन वाडग्याकडं गेले. हाळी द्यायची, पण दोन्ही हातात बादल्या, ध्यानात राहिलं न्हाय. रंगूबाई काठी घेऊन उठली. माझ्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. ह्या तोंडावर उलथनं मारलेली बाई ती, पण तिला मी सापडंना.

"कुणाची गं तू?"

"कवडी," मी म्हणले.

तिनं काठी खाली घेतली, काट्याचं झापं बाजूला सारलं आन् मला आत घेतलं.