बुटकीचे रंग

पेंटरकाकांचा हात म्हणजे हात होता. पट्टी न लावता ते सरळ रेघ मारत. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांची नावं, बंदरातल्या होड्यांचे नंबर, सगळं त्यांच्याच ब्रशातून उतरलेलं. अक्षराची कड अशी साफ, जशी नुकती दाढी केलेली.

आणि पोटची पोर निघाली अगदी उलट. उंचीने जेमतेम, म्हणून घरात तिला बुटकी म्हणत. चित्रकलेच्या कॉलेजात गेली आणि तैलरंगांत समुद्र रंगवायला लागली, तोही नुसत्या फटकाऱ्यांचा.

"अगं, हे काढलंयस की पुसलंयस?" काका चिडवायचे.

"बाबा, याला इंप्रेशनिझम म्हणतात. वस्तू नाही, तिच्यावरचा उजेड रंगवायचा."

"मग उजेडाची पाटी कोण लावून घेणार गं माझ्याकडून?" आणि बापलेक खो खो हसत.

ऐन विशीत ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता मेंदूत शिरला आणि आठवड्याच्या आत होत्याचं नव्हतं झालं.

त्यानंतर तिच्या आईने बोलणंच टाकलं. स्वयंपाक करी, वाढी, भांडी घाशी, पण तोंडातून शब्द नाही. काकांनी मेहुणीला बोलावून पाहिलं, डॉक्टर केले. शेवटी त्यांनीही नाद सोडला.

एका सकाळी त्यांनी पोरीची रंगांची पेटी काखोटीला मारली आणि बंदराचा धक्का गाठला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ट्यूबा सगळ्या मधोमध दाबलेल्या, टोकापासून एकही नाही. त्यांनी कोरा कॅनव्हास मांडला, पण हात सवयीवर गेला. क्षितिज दोरीसारखं ताठ, लाटा एकसारख्या, ओळीने उभ्या. खरवडलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

जाळं सांधत बसलेला म्हातारा म्हणाला, "काय पेंटर, पाण्याला इस्त्री केलीत का?"

मग एकदा काका जेवणाचा डबा घरी विसरले. बायको तो घेऊन धक्क्यावर आली आणि त्यांच्या मागे बराच वेळ उभी राहिली.

"ती निळा आधी घेत नव्हती," ती म्हणाली. आवाज गंजल्यासारखा.

काकांचा ब्रश हवेतच राहिला. "मग काय घ्यायची?"

"डोळे बारीक करून बघायची. आधी सावलीतला जांभळा, मग तो मळकट हिरवा. निळा शेवटी, तोही चिमूटभर."

बुटकी रंगवायला बसली की आई शेजारी छत्री धरून बसायची. काका तेव्हा कुठल्यातरी शिडीवर असत. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

बायको दगडावर टेकली. डोळे बारीक केले. "तिथे, होडीखाली. अहो लवकर लावा, चाललाय तो."

"लावला. आता?"

"आता पिवळा आला. राहू द्या, जांभळा पुसू नका."

काका फटकारे मारत गेले. रेघ सरळ आली की नाही, बघायला सवडच नव्हती. ऊन उतरलं तरी डबा तसाच.

"तिच्यासारखं नाही झालं," घरी जाताना काका म्हणाले.

"कसं होईल?" ती म्हणाली.

चित्र स्वयंपाकघरात टांगलं. पाटीचा रंग संध्याकाळपर्यंत वाळतो. तैलरंगाचं तसं नाही, तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो. रोज सकाळी चहाचं आधण ठेवून ती चित्राच्या खालच्या कडेला बोट लावून बघे. बोटाला जांभळा लागे. तो न पुसता तशीच कामाला लागे. समुद्रात तिच्या बोटांचे ठसे उमटत गेले. काकांना ते दिसत, पण त्यांनी ब्रश लावला नाही.

मग एका सकाळी बोट कोरंच आलं. तिने पुन्हा लावून बघितलं, जरा दाबून. आणि ओट्याला धरून ती खाली बसली. पोर गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई, त्या दिवशी हंबरडा फोडून रडली.

काका दारात उभे होते. त्यांना चटकन जवळ जाता आलं नाही. आधण आटत आलं होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि तेही तिच्याशेजारी फरशीवर बसले.